दोन चुलींची निष्ठा

८ फेब्रुवारी १९९९, सोमवार

आज सकाळी दहा वाजल्यापासून मी एकनिष्ठ आहे. काल रविवारपर्यंत मी काय होते, ते ऑफिसने सांगितलेलं नाही.

नगरपरिषदेच्या आवारात सगळ्यांना रांगेत उभं केलं. घरपट्टीवाले, दिवाबत्तीवाले, दवाखान्यातल्या नर्सबाई, झाडूवाले, आणि सगळ्यांच्या मागे वाचनालयाची शिपाई, म्हणजे मी. नवे मुख्याधिकारी पायरीवर. त्यांच्या खालच्या पायरीवर हेडक्लार्क प्रल्हाद, हातात टाइप केलेला कागद. "उजवा हात पुढे करा," म्हणाला. युनियनचे पुढारी पहिल्या रांगेत होते. त्यांचे हात सगळ्यात सरळ.

शपथ अशी: मी शासनाशी आणि नगरपरिषदेशी निष्ठा ठेवीन. त्यांच्या धोरणाविरुद्ध बोलणार नाही, लिहिणार नाही, सभेला वा मोर्चाला जाणार नाही. माझ्या कुटुंबातल्या कुणालाही जाऊ देणार नाही. कुणी सहकारी असं करताना दिसला तर वरिष्ठांना कळवीन. प्रल्हाद एकेक तुकडा वाचत होता, आम्ही मागून म्हणत होतो. संपल्यावर मधल्या रांगेतून चारपाच जण खणखणीत म्हणाले, "आमेन." आमच्या गावची ख्रिस्ती मंडळी. कुणामागून गंभीरपणे काही म्हणायचं असलं की शेवटी ते त्यांच्या तोंडून आपोआप येतं. साहेबांनी वाकून प्रल्हादला विचारलं, "हे मसुद्यात होतं?"

मग टेबलावर सह्या. मी केली. हे गेल्यावर त्यांच्या जागी अनुकंपावर मला घेतलं, तेव्हा इतक्या कागदांवर सह्या केल्या आहेत की आणखी एकीने काय बिघडतं? नोकरी गेली तर मात्र बिघडतं. वाडीतली केळी आणि पानवेल आता दोन बायकांनाही पुरत नाहीत.

"लिहिणार नाही" हेही शपथेत आहे. ही वही त्यात येते का, ते विचारायचं राहिलं. वही सध्या तांदळाच्या डब्यात ठेवते.

९ फेब्रुवारी

पुढे कधी वाचलं तर मलाच खोटं वाटेल, म्हणून शपथेचं कारण लिहून ठेवते.

स्टेशनच्या दोन्ही अंगांना इमारती उठल्या. त्यांत नळ आहेत, पाणी नाही. म्हणून टँकर गावागावांत येतात आणि आमच्या विहिरी नि बावखलं उपसून नेतात. बावखल म्हणजे वाडीतलं खणलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आणि त्याच्या जिवावर शेजारची विहीर गोड राहते. बावखल उपसलं की विहिरीला खारट पाणी लागतं आणि केळी पिवळ्या पडतात. टँकर कुणाचे आहेत ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुणी बोलत नाही. बायकाही बोलत नाहीत. त्या सरळ टँकरपुढे बसतात.

गेल्या महिन्यात त्यांचा पेपरात फोटो आला. त्यात नगरपरिषदेच्या नोकरांच्या आया आणि बायका निघाल्या. डावीकडून तिसरी पाठमोरी आहे. ती पाठ मी लग्न झाल्यापासून बघते आहे. माझ्या सासूबाई, नर्मदा.

काल जेवताना त्यांना शपथेचं सांगितलं. त्यांची घरची बोली मला कागदावर नीट उतरवता येत नाही, म्हणून पुस्तकी करून लिहिते. त्यात त्यांची धार बरीच जाते.

"आई, आता टँकरपुढे जायचं नाही. मी शपथ घेतलीय."

"तू घेतलीस ना? मग तू जाऊ नको."

"त्यात घरची माणसंपण आली."

"माझी शपथ तू कशी घेतलीस? माझं तोंड काय भाड्याने दिलंय?"

"नोकरी जाईल माझी."

त्यांनी ताट पुढे सरकवलं. नोकरी माझी म्हटलं तरी ती त्यांच्या मुलाची आहे. मी मुद्दामच तिथे बोट ठेवलं, आणि ठेवल्यावर मलाही जेवण गेलं नाही.

१५ फेब्रुवारी

साहेबांचा हुकूम: वाचनालयातल्या वर्तमानपत्रांतून पाण्याच्या आंदोलनाच्या बातम्या कापाव्यात आणि मगच पेपर टेबलावर ठेवावेत. कापायचं मी. म्हणजे आधी शोधायचं आणि वाचायचंही मी. मी सातवीपर्यंत शिकलेली, पुढचं सगळं या कपाटांतलं वाचून झालेलं. आता तालुक्यात या आंदोलनाचा माझ्याइतका अभ्यास कुणाचा नसेल, आणि तोही सरकारी वेळेत.

कापलेले तुकडे बुटाच्या खोक्यात ठेवते. टाकावेत असं हुकुमात लिहिलेलं नाही.

२० फेब्रुवारी

आज दोन पेन्शनर समोरासमोर बसले होते. एकाने पेपर उघडला तर मधल्या खिडकीतून दुसऱ्याचं नाक दिसलं.

"ताई, इथे काय होतं हो?"

"हवा."

"हवेच्या कडा इतक्या सरळ नसतात."

एरवी दुपारी इथे माश्याही येत नाहीत. आठवडाभरात गर्दी वाढली आहे. घरी स्वतःचा पेपर घेणारे लोकसुद्धा येतात, भोक कुठल्या पानावर आहे ते बघतात, आणि घरी जाऊन नेमकी तेवढीच बातमी वाचतात. साहेबांनी एवढं मार्गदर्शन केल्यावर लोक वाया कसे जातील?

२२ फेब्रुवारी, सोमवार

तिसरी शपथ. दर सोमवारी घ्यायची आहे. आठवड्यात निष्ठा उतरत असावी.

रोझलिन माझ्याबरोबर आमच्या नंदाखालच्या एसटीने येते. नगरपरिषदेच्या दवाखान्यात नर्स आहे. ह्यांना पंपहाऊसवर शॉक लागला त्या दिवशी पहिली तीच धावली होती. ते काही आम्ही एकमेकींशी बोलत नाही, दुपारचा चहा मात्र रोज एकत्र पितो. आज म्हणाली, "अगं, मी बाप्तिस्म्याला वचन दिलं, दृढीकरणाला दिलं, लग्नात दिलं. दर ईस्टरला फादर पुन्हा विचारतात, सैतानाचा धिक्कार करता का? म्हणते, करते. पण फादरसुद्धा वर्षातून एकदा विचारतात. ह्या साहेबाला दर सोमवारी संशय?"

मी हसले. मग दोघींनी एकदमच दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. पण पाहिलं.

२४ फेब्रुवारी

प्रल्हादने बोलावलं. ह्यांच्याबरोबर काम केलेला, म्हणून मला वहिनी म्हणतो. पूर्वी बरा होता. साहेबांच्या खालची पायरी मिळाल्यापासून मान ताठ झाली आहे. पूर्वी त्याच्या गावाहून, चांदीपहून, घरचा डबा आणायचा, मोठा पितळी, झाकण उघडलं की सगळ्या ऑफिसला वालाच्या बिरड्याचा वास. आता टपरीवरचा वडापाव आणून फायलीआड खातो. हेडक्लार्कला घरच्या भाकरीची लाज वाटत असावी.

"वहिनी, तुमच्या सासूबाई पुन्हा दिसल्या टँकरपुढे."

"त्यांना मी आवरू शकत नाही. तुम्ही बघा प्रयत्न करून."

तो कागदावरचा दगड इकडून तिकडे ठेवत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "शपथेत कुटुंब म्हटलंय. कुटुंब म्हणजे एक रेशनकार्ड, एक चूल. त्यांची चूल वेगळी असली, कार्ड वेगळं असलं, तर त्या तुमच्या कुटुंबात येत नाहीत. स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र करून द्या. खाणंपिणं, व्यवहार, संबंध, सगळं वेगळं. नमुना माझ्याकडे तयार आहे."

"बरा तयार आहे."

"एकाला लागला होता," म्हणाला.

कुणाला ते सांगितलं नाही. ऑफिसमध्ये आईला टाकून देणारा कोण निघाला, याचा मी दिवसभर विचार करत होते. मला घरपट्टीतल्या जाड्याचा संशय आहे.

२५ फेब्रुवारी

रद्दीत एक नववीचं नागरिकशास्त्र सापडलं. त्यात स्पष्ट लिहिलंय: बोलण्याचं स्वातंत्र्य, शांततेने एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य. पुस्तक घेऊन प्रल्हादकडे गेले.

"वहिनी, हे नागरिकांना आहे. आपण कर्मचारी."

"साडेपाचला ऑफिस सुटल्यावर मी कोण असते?"

"साहेबांना विचारतो," म्हणाला, आणि खरंच विचारून आला. साहेब म्हणाले, चोवीस तास कर्मचारी. बाकी काही नाही, झोपेत तरी नागरिक होता येईल असं वाटलं होतं.

२८ फेब्रुवारी, रविवार

आईंना सांगायचं दोन दिवस टाळलं. शेवटी आज भांडी घासता घासता सांगितलं. वाटलं, आकाशपाताळ एक करतील. त्या म्हणाल्या, "एवढंच ना? चूल वेगळी. बरं."

"एवढंच काय आई? लोक काय म्हणतील?"

"लोक आधीच म्हणतात की तू माझं ऐकत नाहीस. आता लेखी होईल."

आणि दुपारी त्या बावखलाच्या काठची माती घमेल्यात घेऊन आल्यासुद्धा. मागच्या पडवीत चूल घातली. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "तू लांब राहा. संबंध वेगळे."

मला वाईट वाटावं अशी त्यांची इच्छा नव्हती, हे मला कळतं. म्हणूनच वाटलं.

४ मार्च

प्रतिज्ञापत्र झालं. टायपिस्टने मोठ्याने वाचून दाखवलं: "सदर नर्मदा हिचेशी माझा कोणताही कौटुंबिक संबंध राहिलेला नाही." मी सही केली. हे असते तर त्यांनी टायपिस्टला त्याच्या मशीनसकट उचललं असतं. हे नाहीत म्हणूनच तर मी तिथे होते. असला हिशेब कुठून सुरू करायचा ते मला कळत नाही, म्हणून मी तो करत नाही.

११ मार्च

चूल तपासायला स्वतः प्रल्हाद आला. खरंच दोन चुली पेटतात का, ते बघून अहवाल द्यायचा होता. माझ्याकडे गॅस आहे. त्याच्याकडे त्याने नुसतं पाहिलं, "एक" म्हणाला, आणि मागच्या पडवीत गेला.

आई भाकऱ्या भाजत होत्या. त्यांनी त्याला पाट दिला. "बस रे भाऊ. सरकार आहेस, उपाशी कसं पाठवू?" तांदळाची भाकरी, वर सुकटीची चटणी. तो नको नको म्हणत बसला आणि तीन भाकऱ्या खाल्ल्या. आईंनी विचारलं, "घरी कोण असतं?" तर डोळ्यांतून घळाघळा पाणी. वडापावावर वाढलेल्या बाबूलोकांना चुलीचा धूर सोसत नाही. मी पंखा आणून दिला.

जाताना दारात थांबून अहवाल लिहिला: "चुली दोन. धूर स्वतंत्र." मग आईंना वाकून नमस्कार केला. तपासणीत नमस्कार असतो, हे मला नवीन होतं.

तो गेल्यावर आई म्हणाल्या, "बिचारा." मी म्हटलं, "कसला बिचारा? जल्लाद आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या चूल विझवायला गेल्या.

१८ मार्च, गुढीपाडवा

वेगळी चूल म्हणजे वेगळी गुढी. आईंचाच हट्ट. "आळीतलं कुणी चुगली करील, म्हणेल एकच गुढी आहे." म्हणून एका अंगणात दोन गुढ्या. तांब्याचा तांब्या घरात एकच. तो त्यांच्या लग्नातला, म्हणून त्यांच्या गुढीवर. माझ्या गुढीवर स्टीलचा. काठीपण एकच होती. माझ्या गुढीला पडद्याचा दांडा लावला.

पूर्वी गुढी हे उभारायचे. आई खालून ओरडायच्या, "डावीकडे झुकली, डावीकडे!" आज आम्ही दोघी आपापली गुढी उभारत होतो. माझी डावीकडे झुकली. त्या त्यांच्या गुढीशी उभ्या होत्या. तोंड उघडलं आणि मिटलं. संबंध नाही ना.

श्रीखंड मात्र एकाच पातेल्यात केलं. प्रतिज्ञापत्रात पातेल्याचा उल्लेख नाही.

२६ मार्च

रोझलिन दहा-बारा दिवस चहाला येत नाही. एसटीतही पुढच्या दाराने चढते. मला वाटलं, माझ्या प्रतिज्ञापत्राचं कळलं आणि तिला माझी शिसारी आली. आज दवाखान्यातच जाऊन गाठलं.

"माझं काय चुकलं?"

"काही नाही गं."

"मग?"

तिने दार लावलं. "तू चहाला बसलीस की बोलतेस. बोललीस की मी ऐकते. ऐकलेलं साहेबाला सांगितलं नाही तर शपथ मोडते. सांगितलं तर फादरकडे जाऊन कुमसार करायचा, पाप कबूल करायचं, की मी मैत्रिणीशी दगा केला. आणि फादर माहीत आहेत ना, प्रायश्चित्त काय देतील? मैत्रिणीकडे जाऊन कबूल कर. त्यापेक्षा चहाच नको."

"हवापाण्यावर बोलू."

"पाण्यावर?" ती म्हणाली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की बाहेरचा कंपाउंडर डोकावला.

ऑफिसमध्ये हल्ली फार शांतता आहे. साहेब म्हणतात, शिस्त आली.

वही आता सुक्या बोंबलांच्या बरणीत. कितीही एकनिष्ठ माणूस असला तरी तिथे हात घालणार नाही.

१२ एप्रिल

ह्यांना जाऊन आज चार वर्षं झाली. शपथ घेतली, पेपर कापले, घरी आले. आईंनी त्यांच्या चुलीवर खीर केली होती. वाटी माझ्या उंबऱ्यावर ठेवली आणि आत न येता परत गेल्या. मी ती वाटी आज घासलेली नाही.

२० एप्रिल, मंगळवार

आजचं आजच लिहायला हवं.

आजची बातमी कापता आली नाही, कारण ती पेपरच्या आधी आली. दुपारी एक वाचक धावत आला. नंदाखालच्या आणि चांदीपच्या बायकांनी मिळून मोठ्या रस्त्यावर टँकरांची रांग अडवली होती, आणि पोलिसांनी सगळ्यांना गाडीत घालून चौकीवर नेलं होतं. "तुमच्या सासूबाई पुढे होत्या, ताई." मी वाचनालय वेळेआधी बंद केलं. असं मी कधी केलेलं नाही.

चौकीच्या दारात शिरीषाच्या झाडाखाली प्रल्हाद स्कूटरला टेकून उभा. हातात पॅड आणि पेन. मनात म्हटलं, आला गिधाडासारखा.

"वहिनी, आत जाऊ नका."

"का?"

"म्हाताऱ्या बायका म्हणून सोडतायत, पण घरचं माणूस येऊन सही करील तिलाच. नातं लिहायचं, सही करायची. आणि आपल्यातलं कोण कुणाला न्यायला येतं, ते लिहून आणायला साहेबांनी मला पाठवलंय. तुम्ही आत जाऊन सून म्हणालात की तुमचं प्रतिज्ञापत्र खोटं. मग अनुकंपाबिनुकंपा काही नाही. नोकरी जाईल."

"किती नावं झाली?"

त्याने पॅड दाखवलं. कोरं.

समोरच्या टपरीवर ऑफिसचे चारपाच जण होते. कुणाची आई आत, कुणाची बायको. सगळे पान खात होते. त्यातल्या एकालाही मी आजवर पान खाताना पाहिलेलं नाही.

मीही उभी राहिले. खोटं कशाला लिहू? बराच वेळ उभी राहिले. पगाराचा विचार केला, वाचनालयाच्या किल्लीचा केला. पडवीत दुसरी चूल घालायची सोय आहे, दुसरी नोकरी घालायची नाही. संध्याकाळपर्यंत थांबलं तर कंटाळून पोलीस आपणच सोडतील, असंही मनात आलं. मग चौकीच्या खिडकीतून बाकावर बसलेली एक पाठ दिसली.

प्रल्हादला म्हटलं, "लिहा. पहिलं नाव माझं."

आत हवालदाराने विचारलं, "कुणाला न्यायचंय? आजीचं तुमचं नातं?"

मी तोंड उघडायच्या आत बाकावरून आवाज आला, "काही नातं नाही. शेजारी राहते. चूल वेगळी, कार्ड वेगळं. लिहून दिलंय तिने."

"आई, गप्प बसा तुम्ही. लिहा हो, सून."

"सून नाही!"

"सून. एकदा स्टँपपेपरवर खोटं लिहिलं, आता तुमच्या रजिस्टरात खरं लिहिते."

हवालदार आमच्या दोघींकडे बघून म्हणाला, "सासू नाही म्हणते, सून हो म्हणते. माझ्या घरी हे उलटं आहे." मग रजिस्टर पुढे केलं. "नाव?"

"यमुना."

"आजी नर्मदा, तुम्ही यमुना, आणि ती कोपऱ्यातली भागीरथी. एवढ्या नद्या इथे असताना बाहेर पाण्याची बोंब कशाला?"

कोपऱ्यातली भागीरथी चांदीपची. अगदी लहानखुरी. मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. हवालदार म्हणाला, "हिचं कुणी येत नाही. विचारलं तर म्हणते, कुणी नाही."

"नाहीच आहे," ती म्हणाली. "वेगळी चूल आहे माझी."

"मग भाकऱ्या कुणाला?" आईंनी विचारलं.

"कुणाला नाही. नगरपरिषदेवरून गाडी गेली असती, तर दारात ठेवून आले असते." आणि तिने वर पाहिलं, मान थोडी ताठ करून, हनुवटी पुढे काढून.

ती मान मी दर सोमवारी पायरीवर बघते. मला एकदम पडवीतला तो धूर आठवला. पितळी डबा आठवला. मी तेव्हा पंखा आणून दिला होता.

मी हवालदाराला म्हटलं, "ह्यांचीपण सही मी करते."

"नातं?"

"ओळख."

"कधीची?"

"आत्ताची."

त्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "करा. मला घरी जायचंय."

तिघी बाहेर आलो. प्रल्हाद झाडाखाली तसाच. भागीरथी त्याच्या समोरून गेली आणि तिने त्याच्याकडे पाहिलंदेखील नाही. टपरीवरचे बघत होते, दारातला शिपाई बघत होता. इतक्या सरळ मानेने ती गेली, की मला वाटलं मीच चुकले. प्रल्हादच्या हातातलं पॅड खाली पडलं. ते त्याने उचललं नाही.

तेव्हा आमच्या आई, ज्यांना आयुष्यात हळू बोलता आलेलं नाही, त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अहो भाऊ! चांदीपच्या अंगाला जाताय का कुणी? ही म्हातारी एकटी आहे. बस गेली तिची."

प्रल्हाद म्हणाला, "जातोय." स्कूटर स्टँडवरून काढली. "त्याच बाजूला जातोय मी."

ती त्याच्या स्कूटरवर मागे एका बाजूला बसली. वळणापर्यंत तिने सीटची कडी धरलेली मी पाहिली. वळणानंतर काय धरलं ते मला दिसलं नाही.

टपरीवरचा एक जण पान थुंकून चौकीकडे निघाला. घरपट्टीतला जाड्या. त्याची माफी मागायला हवी.

२६ एप्रिल, सोमवार

आज पायरीवर शपथ वाचायला प्रल्हाद नव्हता. दुसऱ्याने वाचली आणि "जाऊ देणार नाही"च्या पुढचं पान उलटायला विसरला. आम्ही सगळे हात पुढे करून उभे. मागून कुणीतरी "आमेन" म्हटलं आणि संपलं. रोझलिनचा आवाज होता.

मला निलंबनाचा कागद मिळाला. खोटं प्रतिज्ञापत्र, शपथेचा भंग, वाचनालय वेळेआधी बंद. तिसरा आरोप खरा आहे, त्याचं मला वाईट वाटतं. कागद प्रल्हादनेच टाइप केलेला. जाण्याआधीचं त्याचं शेवटचं काम. त्याने दिलेल्या यादीत जाड्या धरून तीन नावं होती म्हणे. पहिलं माझं. शेवटी त्याने स्वतःचं लिहिलं, पुढे नातं लिहिलं: मुलगा. त्याची बदली कोंडवाड्यावर झाली आहे. मोकाट गुरं कोंडायची आणि दंड भरला की सोडायची. साहेबांना वाटलं असेल, अनुभव आहे.

दुपारी किल्ली द्यायला गेले, तर तो वाचनालयाच्या पायरीवर बसला होता. शेजारी पितळी डबा.

"वहिनी, बसा. आईने जास्त दिल्यात."

"चूल?"

"एकच." डबा माझ्याकडे सरकवत म्हणाला, "नोकरी परत मिळेल असं मी म्हणणार नाही."

"म्हणू नका. तुम्ही फार नमुने तयार ठेवता."

तो हसला. बिरडं चांगलं होतं. रोझलिन चहा घेऊन आली, तिघांत दोन कप. आम्ही पाण्यावर बोललो.

किल्ली दिली. बुटाचं खोकं टेबलावर राहू दिलं. निघताना पाहिलं, तर दोघे पेन्शनर जुने पेपर काढून एकेक तुकडा कुठल्या भोकात बसतो ते बघत होते. एकाने डिंक मागवला होता.

२७ एप्रिल

टँकर आजही आले.

खुलासा लिहून पाठवला. दोन पानं लिहिली होती, नागरिकशास्त्रासकट. मग फाडली आणि एकच ओळ ठेवली: सदर नर्मदा माझी सासू आहे, होती आणि राहील. चौकशी कधी होईल ते माहीत नाही. तोवर अर्धा पगार, आणि पुढचं मलाही माहीत नाही. भीती वाटते. वही मात्र बरणीतून काढून फळीवर ठेवली. तिला बोंबलांचा वास लागला आहे.

संध्याकाळी कुदळ घेऊन मागच्या पडवीत गेले. आई भात उपसत होत्या, आमच्या गॅसवर, दोघींचा. मला कुदळ उचलताना पाहिलं आणि तिथूनच ओरडल्या, "काय करतेस?"

"चूल फोडते. आता कशाला हवी?"

"असू दे ती."

"आई, संपलं ते."

त्यांनी पातेलं खाली ठेवलं, पदराला हात पुसले, चुलीवर केळीचं एक वाळकं पान झाकलं आणि म्हणाल्या, "साहेब बदलतात. दर वेळी माती कुठून आणायची?"